कडू लागतंय का?

“मग आता पाला कोण देणार?”

परसात भांडी घासणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी हे विचारलं. मी आतल्या बाजूला, खिडकीखाली रात्रीच्या स्वयंपाकाचा लसूण सोलत बसले होते. दुसरी म्हणाली, “कोण म्हंजे? सूनच की. मान घरातच ऱ्हायला पायजे.” पातेल्यावर राखेचा हात फिरत राहिला. मग त्या आमटीत मीठ कमी पडल्याचं बोलायला लागल्या.

आत्ती, तुझं उत्तरकार्य चाललं होतं. शेवटची पंगत उठत होती, आणि लोकांना काळजी होती ती पाल्याची. मला इतका राग आला की पाकळीबरोबर नखही सोललं गेलं. राग त्या बायकांचा नव्हता. तुझा होता. अजून आहे.

तुमच्या गावात साप चावला की माणसाला भैरोबाच्या पायरीवर बसवतात आणि लिंबाचा पाला चावायला देतात. पाला कडू लागला तर अंगात विष नाही. गोड किंवा बेचव लागला तर विष चढलं. हे तुला सांगायची गरज नाही, मला हे तूच शिकवलंस. पण मला एकदा सगळं ओळीनं मांडायचं आहे, आणि या वेळी तू मध्येच “व्हय मडम, बरं मडम” म्हणून मला थांबवू शकणार नाहीस.

तुला पहिल्यांदा लागलं (साप चावला असं तुम्ही म्हणत नाही, लागलं म्हणता) तेव्हा मी पहिलीत की दुसरीत होते. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांबरोबर गडहिंग्लजच्या एसटीनं आले होते. फाट्यावर उतरलो तर लांबून हलगी ऐकू येत होती. मला वाटलं जत्रा आहे. देवळापाशी गर्दी, आणि मध्ये पायरीवर तू. केस मोकळे, अंगावर ओतलेलं पाणी, तोंड हिरवंगार. भुईमूग काढताना हाताला काहीतरी टोचलं होतं आणि वेलाखालून काहीतरी सळसळत गेलं होतं. काय होतं ते कुणीही पाहिलं नव्हतं. दीर, पुतणे, गुरव, जो येईल तो तुझ्या तोंडात पाला कोंबत होता आणि विचारत होता, “कडू लागतंय का?” तू मान हलवायचीस, की पुढचा येऊन पुन्हा कोंबायचा. शेवटी तू ओरडलीस, “आरं कडू हाय, कडू हाय! किती चारतायसा? म्हस हाय काय मी?”

सगळा गाव हसला. गुलाल उडाला. मला वाटतं, तुझं सगळं नुकसान त्या गुलालानं केलं.

कारण त्या दिवसापासून तू पुरावा झालीस. पंचक्रोशीत कुणाला काही चावलं की आधी तुझ्या दारात आणायचे. देवानं वाचवलेली बाई, तिच्या हातचा पाला. तू चुलीपुढून उठायचीस, हात धुवायचीस, दारातल्या लिंबाची डहाळी मोडायचीस आणि घाबरलेल्या माणसापुढं बसून म्हणायचीस, “माझ्याकडं बघ. मी जगलो की न्हाई? मग तू बी जगतोस.” आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, ‘जगलो’. शाळेत मी एकदा ‘मी आलो’ म्हणाले तर मुली आठवडाभर हसत होत्या. तुझ्या तोंडी मात्र ते असं बसलेलं असायचं, की त्या माणसाचा थरकाप खरोखर कमी व्हायचा. ते मी स्वतः पाहिलंय. मग देऊळ, पायरी, पुन्हा पाला. बहुतेक सगळे जगायचे.

बहुतेक सगळे जगणारच होते, आत्ती. शेतात माणसाला चावतात ते बरेचसे साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या. ते चावले तर पाला खाल्ला काय आणि पेढा खाल्ला काय, माणूस जगतोच. आणि विषारी सापही कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. तुझ्या बाबतीत यातलंच काहीतरी झालं असणार. हे मी तुला दहावीच्या सुट्टीत सांगितलं. शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक वाचून, मनात चार वेळा मराठी जुळवून.

तू भाकरी थापत होतीस. थांबलीही नाहीस. “तू हुतीस व्हय तिथं? त्येच्या तोंडात बघिटलंस?”

“नाही, पण—”

“आणि समज तसंच आसंल. मग लोकास्नी काय सांगू? मला उंदीर चावलाता?”

तुझी सून, माझी वहिनी, हसली. तुझा लेक, आमचा दादा, हसला. मी पण हसले, आणि मग रात्रभर चडफडत पडले, कारण तू माझ्या बोलण्याला उत्तरच दिलं नव्हतंस. तुझी ही पद्धतच होती. समोरच्याला हसवायचं, आणि तो हसत असताना विषय चुलीत सारायचा.

पुढच्या सुट्टीत मी सापांचा तक्ता आणला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, रंगीत चित्रांसकट. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. संध्याकाळी पाहते तर तक्ता उलटा, तोंड दाराकडं. “फोटू दारात लावतीस? बोलावतीस काय त्यास्नी?” दिवेलागणीनंतर तू सापाला साप म्हणायची नाहीस, लांबडं म्हणायचीस. गोठ्यात नाग निघाला तर हात जोडून, “जावा आता देवा, घरात लहान पोरं हायत,” एवढं सभ्यपणे सांगायचीस. म्हशीशी तू इतक्या सभ्यपणे कधी बोलली नाहीस.

कॉलेजला असताना मी पप्पांना तुझ्यासाठी शिरोलीहून गमबूट आणायला लावले. पप्पांच्या कारखान्याशेजारच्या दुकानातून, मापाचे, काळे. तू ते पायात घालून अंगणात एक फेरी मारलीस, पोलीस झाल्यासारखी. बायकांना बोलावून दाखवलंस. पुढच्या वेळी आले तर एका बुटात कांद्याचं बी होतं आणि दुसऱ्यात भेंडीचं, आणि दोन्ही आढ्याला टांगलेले. “उंदीर न्हाई लागत बघ वर.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू समजलीस मी हसतेय.

आणि ती पाचटीची रास. घराला तिन्ही बाजूंनी ऊस, त्यात मागच्या दाराला लागून पुरुषभर उंच पाचट. बंबासाठी, चुलीसाठी, गोठ्यात अंथरायला. पाचटीत उंदीर, उंदरांमागं साप, हे मी किती वेळा बोलले असेन. लांब न्या. निदान काठीनं आपटून मग हात घाला. तू म्हणायचीस, “लांब नेली तर आणायला तू येणार हायस काय कोल्हापुरासनं?”

चिडचिड लिहायला बसले की ती संपतच नाही. म्हणून दुसरं एक लिहिते.

लहानपणी मी पाहुण्यांपुढं बोलायची नाही. शाळेतलं इंग्रजी घरी चालायचं नाही, घरातलं मराठी गावात चालायचं नाही. तोंड उघडलं की कुणीतरी नक्कल करायचं. मग मी बंदच ठेवायला लागले. सगळे म्हणायचे, “बोल की गं, मुकी हायस काय?” तू एकदाही म्हणाली नाहीस. चुलीजवळ पाट टाकून द्यायचीस, तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायचीस, आणि कुणी मला टोकलंच तर म्हणायचीस, “ऱ्हाऊ दे तिला. बघतीया ती.” जगात त्या एका पाटावर गप्प बसणं हा दोष नव्हता. एवढं सगळं मला देणारी बाई एवढी हट्टी का असावी, हे मला अजून कळत नाही.

मग ती वरच्या वाडीतली नवी सून. मी तेव्हा कोल्हापुरात होते, मला वहिनीनं सांगितलं. हातातला चुडाही उतरला नव्हता. सकाळी उठल्यापासून पोटात दुखतंय म्हणत होती. अंथरूण काढलं तर खाली मण्यार. तुझ्या दारात आणली तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या. तिची सासू म्हणत होती, “झोप न्हाई झाली पोरीची.” तू पाला तिच्या तोंडात ठेवलास. तो तसाच राहिला, तिला चावता येईना. “कडू लागतंय का? बाळ, बोल की. कडू लागतंय का?” ती बोललीच नाही. तिला पायरीवर नेली आणि ती तिथंच गेली.

त्यानंतर ‘माझ्याकडं बघ’ म्हणणं तू सोडलंस. पाला देणं सोडलं नाहीस. मी मे महिन्यात आले तेव्हा तू सुपात तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं. तू मान वर न करता म्हणालीस, “उशिरा आणली.”

“वाडी हाकेच्या अंतरावर आहे, आत्ती.”

तुझा हात थांबला. “मग काय करू सांग. लागलेलं माणूस घिऊन लोक येत्यात. येऊ नगा म्हणू? दार लावून घिऊ?”

उत्तर मला दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत सुचलं. दार उघडं ठेव, पाला दे हवा तर, पण दारात जीप उभी कर आणि ती सुरू झाल्यावर दे. तुझ्या शब्दाला गावात एवढं वजन होतं. तू म्हणाली असतीस ‘देवानं सांगितलंय, दवाखान्यात न्या,’ तर तुझे दीर बापूसुद्धा लागलेल्या माणसाला दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेले असते. हे मी तुला पुढच्या खेपेला सांगणार होते. पुढच्या खेपेला दादाच्या मुलीचं बारसं होतं, त्याच्या पुढच्या खेपेला माझी परीक्षा. तो वाद अजून त्या सुपातच पडलाय.

आणि मग त्या सकाळी दादाचा फोन. पप्पांनी घेतला. दादाचा मोबाईल नवा होता, तो त्यात ओरडून बोलायचा, मला पलीकडं ऐकू आलं. “मामा, आईला लागलंय. पाचट वडताना. घोणस हुती, मारली मी. घाबरू नगासा, पाला कडू लागतोय. देवळात बसलीया, च्या पिली.”

या वेळी सगळ्यांनी साप पाहिला होता. जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, खोऱ्यानं मारून अंगणात टाकलेला. नाव माहीत होतं. आणि तरी गाव निवांत होतं, कारण पाला कडू होता. लोक तुझ्याजवळ तास-दोन तास बसून आपापल्या रानात गेले होते. मला या एका गोष्टीचा विचार करवत नाही. विष जिभेला कळत नाही गं. घोणशीचं विष रक्तात काम करतं, जीभ शेवटपर्यंत ठीक असते.

शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन आम्ही आलो तेव्हा ऊन चढलं होतं. तू पायरीवर खांबाला टेकून. पाय कोहळ्यासारखा सुजलेला, कातडी तुकतुकीत, निळी. हिरड्यांतून रक्त येत होतं. ते तू पदरानं पुसत होतीस आणि तो डाग मिश्रीचा आहे असं समजून कुणी काही बोलत नव्हतं. तुला तर कळत होतं ना ती मिश्री नाही ते?

तू पप्पांना पाहून म्हणालीस, “आलास? च्या घे.”

पप्पा तुला उचलायला वाकले तसे बापू आडवे आले. घरातलं मोठं माणूस. “पायरीवरनं उठवू नगा. पाला कडू हाय अजून. उन्हं कलू द्यात, मग घरी नेऊ.”

पप्पा तीस वर्षं कोल्हापुरात शुद्ध बोलतात. त्या वेळी म्हणाले, “माझी भन हाय ती. सरका म्होरनं.”

व्हॅनमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पप्पा गाडी चालवत होते, दादा पुढं बसला होता, आणि रस्ता इतका खराब की खिडक्या खडखडत होत्या. तू माझं मनगट धरलंस. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून वाकले. तू म्हणालीस, “सकाळधरनं कडूच लागतोय गं. आता बी तोंडात कडूच हाय.” मग म्हणालीस, “आणि मी तर चाललो, मडम.”

मी म्हणाले, “काही होत नाही, आत्ती. पोचलोच.” दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, डॉक्टरांनी रक्त मागवलं, पण तुझं रक्त गोठायचं बंद झालं होतं, आणि पाठोपाठ लघवी बंद झाली. तू पुन्हा नीट बोलली नाहीस.

म्हणजे तू हे फक्त मला सांगितलंस. पुढं तुझा मुलगा बसला होता, भाऊ बसला होता. दोघंही चारचौघांत खणखणीत बोलणारे. त्यांना हाक मारली असतीस तर गाडी थांबवली असती त्यांनी. इतकी माणसं असताना मलाच का? ही कुठं बोलत नाही, हिच्यापाशी ठेवलं की ते तिथंच राहील, म्हणून? की ही बघत असते, हिला कळेल काय करायचं, म्हणून? मी गेले काही दिवस एवढ्याच प्रश्नाशी भांडतेय.

मी पप्पांनाही सांगितलं नाही. म्हटलं, आता काय उपयोग.

पण उत्तरकार्याच्या दुपारी लसूण संपवून मी उठले तेव्हा वहिनी आत आली. तिच्या हातात नवं लुगडं होतं. तिनं ते धुण्यासारखं धरलं होतं. “नेसून बाहेर या म्हणत्यात. नारळ देनार. मला नको हाय वो वन्सं हे. माझ्या हातचा पाला खाऊन कोण मेलं तर मी कुठं तोंड दावू? आत्याबाई ती वाडीतली पोर गेल्यावर कितीतरी दिवस झोपल्या न्हवत्या. मी बघिटलंय. तुमी सांगा की कुनालातरी.”

“दादाला सांग.”

“त्येनला सांगिटलं. त्ये म्हणत्यात बापूंच्या म्होरं कसं बोलू.”

मी पप्पांकडं गेले. ते सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, कडेला चपला घालत होते. म्हणाले, “आपण पाहुणे आहोत गं इथं. त्यांच्या घरातलं आहे. जाऊ दे.” त्यांचं मराठी पुन्हा शुद्ध झालं होतं.

सोप्यात पुरुषमंडळी घोंगड्यावर बसली होती. मध्ये ताट, ताटात नारळ, अंगारा आणि लिंबाची ताजी डहाळी. बापू बोलत होते. “बाई लई मानाची. पर माझं ऐका, पाला तिला गोड लागला असणार. शंभर टक्के. आपला मान जाईल म्हणून कडू कडू म्हणत बसली आणि लपवून ठेवलं. न्हाईतर पाला खोटा सांगत न्हाई.” दोन-तीन माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, “बाईमाणसाला अभिमान वाईटच.” दादा खाली बघत होता.

तुझ्याच घरात, तुझ्याच उत्तरकार्याला, पाल्याला खरं ठरवायला त्यांनी तुला खोटं ठरवलं, आत्ती. आणि थोड्या वेळात तोच पाला वहिनीच्या हातात जाणार होता. वहिनी नवं लुगडं नेसून दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या मागं तिची छोटी.

मी खांबाशी गेले. तिथवर कशी गेले आठवत नाही. “बापूकाका,” म्हणाले, पण ते मलाच ऐकू आलं नाही. मग पुन्हा म्हणाले. माणसं वळली. सोप्यात इतक्या पुरुषांनी एकदम माझ्याकडं पाहिलं असं कधी झालं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य गेलं.

“काय गं पोरी?” बापू म्हणाले. चांगल्या आवाजातच म्हणाले. “मोठ्यानं बोल की. हितं कोण खातंय तुला?”

मी मोठ्यानं बोलले. आवाज फाटला, मराठी पुस्तकी झालं, कुणीतरी हसलंही असेल.

“आत्तीनं काही लपवलं नाही. पाला तिला कडूच लागत होता. सकाळपासून, गाडीत बसेपर्यंत, गाडीतसुद्धा. तिनं स्वतः मला सांगितलंय. पाला कडू होता आणि ती मेली. वहिनी कुणालाही पाला देणार नाही.”